अदलाबदलीची वही

आमच्या घरी, म्हणजे आमच्या दोन्ही घरी, गेलं वर्षभर आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. एक आठवडा आईकडे, एक बाबांकडे आणि रविवारी सकाळी दहाला अदलाबदल, असं कौटुंबिक न्यायालयानं तात्पुरतं ठरवून दिलं. तेव्हा तिथल्या समुपदेशक मॅडमनी एक जाडजूड वहीही दिली. मुलींची तब्येत, शाळा, जे काही कळवायचं ते पालकांनी त्यात लिहायचं, खाली सही करायची आणि वही मुलींबरोबर दुसऱ्या घरी पाठवायची.

कल्पना झकास होती. फक्त मॅडम आमच्या आईबाबांना ओळखत नव्हत्या.

आई दातांच्या कवळ्या बनवते. केसाएवढी फट तिला लांबून दिसते, पण पहिल्या रविवारी ती पेन हातात धरून पाच मिनिटं कोऱ्या पानाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "मी नाही त्याला पत्रं लिहिणार. मी सांगते, तू लिही." बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, "माझे हात ग्रीसचे आहेत, तूच लिही." हात धुऊन आले तरी ते ग्रीसचेच होते.

मग काय, मी लिहायला लागले. यंदा मी वादविवादात ढाल जिंकले होते आणि शब्दांची माझी भीती पार पळाली होती. आई सांगायची, "लिही, बटणला खोकला झालाय, कारण तुझ्या बाबांना पंखा बंद करायचीही अक्कल नाही." मी लिहायचे, 'धाकटीला थोडा खोकला आहे. पंखा कमी ठेवलात तर बरं होईल. आभारी आहे.' बाबा सांगायचे, "लिही, पोरीच्या बुटाचा तळ सुटलाय. लोकांच्या जबड्यात डोकावण्यातून तुझ्या आईला वेळ मिळाला तर बघ म्हणावं." मी लिहायचे, 'बूट बदलायला हवेत. तुझी कामाची धावपळ समजते, जमेल तसं बघ.'

दोघंही न वाचता सही ठोकायचे. "त्यात वाचायचंय काय? मीच तर सांगितलं!"

दुसऱ्यानं लिहिलेलं मात्र दोघं वाचायचे. आणि माझ्या गोडव्याचा परिणाम? बाबा भुवया चढवून म्हणायचे, "आभारी आहे? टोमणा मारतेय." आई म्हणायची, "धावपळ समजते म्हणे! वकिलानं पढवलेलं दिसतंय."

तरी मी सोडलं नाही. कारण बटण. बटण माझी सहा वर्षांची बहीण, डोळे गोल म्हणून बटण. ती बोलताना अडखळते. घाई केली की जास्तच अडखळते. आई तिचं वाक्य प्रेमानं पूर्ण करते, बाबा प्रेमानंच दुसऱ्या कुठल्यातरी टोकाला पूर्ण करतात, आणि तिला काय म्हणायचं होतं ते तिच्या घशातच राहतं. मी थांबते. मला घाई नसते. एकदा मी शाळेच्या सहलीला तीन दिवस गेले होते, तर मी परत येईपर्यंत ती फक्त मानेनंच हो-नाही करत होती.

सहा महिन्यांनी मॅडमनी आम्हा चौघांना बोलावलं. त्यांच्या टेबलावर आमची वही होती, पानोपानी कागदी खुणा लावलेली.

"इतका समजूतदारपणा फार कमी वह्यांमध्ये दिसतो," मॅडम म्हणाल्या. आई आणि बाबा दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. "म्हणून मला एक सुचवावंसं वाटतं. मोठीची शाळा बाबांच्या घराजवळ आहे, धाकटीची आईच्या. दर आठवड्याला बोचकी उचलण्यापेक्षा मोठीनं बाबांकडे राहावं, धाकटीनं आईकडे. शनिवार-रविवार भेटी तुम्ही आपसांत ठरवा. तुम्हाला ते सहज जमेल."

"चालेल," बाबा म्हणाले.

"माझी हरकत नाही," आई म्हणाली.

वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं, आणि ते आम्हाला एकेक वाटून घेण्यावर!

"तुला काय वाटतं गं?" मॅडमनी बटणला विचारलं.

"म-म-मला ता-ता..."

"आईजवळच राहायचंय तिला," आई म्हणाली.

"बाबांकडे पण यायचंय म्हणतेय," बाबा म्हणाले.

मी उभी राहिले.

"मॅडम, ती वही मी लिहिलीय."

"हो, अक्षर तुझंच दिसतंय. त्यात काही गैर नाही."

"अक्षराचं नाही म्हणत मी. त्यातला समजूतदारपणा माझा आहे."

मॅडमनी एक पान उघडलं. "इथे आई खरं काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. पंखा, अक्कल, सगळं. मग बाबांचं पान. मग पुन्हा आईचं. मला सगळं पाठ होतं. चौथ्या पानावर आई म्हणाली, "पुरे." बाबांची मान खाली गेली होती.

"का केलंस असं?" मॅडमनी विचारलं.

"मला वाटलं, लिहीत राहिले तर कधीतरी खरं होईल." "पण आम्हाला वेगळं करू नका. तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला कोणीतरी लागतं."

मॅडमनी वही मिटली आणि स्वतःकडेच ठेवली.

आम्हाला वेगळं केलं नाही. पण न्यायालयात गेलेल्या अहवालात लिहिलं होतं की पालकांमध्ये संवाद नाही, आणि मुलींवर त्याचा भार पडतो. त्यामुळे तीन महिने अदलाबदल बंद; बटण लहान म्हणून आम्ही दोघी आईकडे. बाबांना शनिवारी दोन तास, तेही न्यायालयातल्या भेटीच्या खोलीत, एका ताईंच्या देखत. बाबांचे आठवडे माझ्या बोलण्यामुळे गेले. आई म्हणते, तुझा दोष नाही. पण ते गेलेच.

पहिल्या शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. खोलीत प्लास्टिकची घसरगुंडी होती आणि छोट्या खुर्च्या. त्यातल्या एकीवर गुडघे छातीशी घेऊन बसून ते बटणबरोबर ठोकळे रचत राहिले. माझ्याकडे बघेनात. एक तास गेला. दीड तास.

शेवटी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "बाबा, रागावलायत ना माझ्यावर?"

"नाही."

"खरं सांगा."

त्यांनी हातातला ठोकळा खाली ठेवला. "हो. रागावलोय."

"खूप?"

"खूप. मला आधी सांगायचंस. त्यांच्यासमोर नव्हतं बोलायचं."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

त्यांनी खाली ठेवलेला ठोकळा पुन्हा उचलला. मग म्हणाले, "बहुतेक नाही."

कोपऱ्यातल्या ताई घड्याळ बघून म्हणाल्या, "पाच मिनिटं राहिली हं."

"मग पाच मिनिटं रागवा," मी म्हटलं. "उरलेलं पुढच्या शनिवारी. पण मलाच रागवा, माझ्यामार्फत दुसऱ्या कुणाला नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि खरंच, ताई दार उघडून उभ्या राहीपर्यंत ते मला रागावत राहिले.