निन्कम्पूपचा मान

हरिभाऊंनी आपल्याला मूर्ख म्हणावं, हा भानुमतीचा हक्क होता. हसू नका, खरंच सांगतेय. लग्न होऊन ती साताऱ्याहून झाशीला येत होती. हरिभाऊ पाण्यासाठी फलाटावर उतरले आणि ही बया, झाशी आली असं समजून, ट्रंक नि वळकटीसकट अलीकडच्या बबिना स्टेशनावरच उतरून मोकळी. धावत येऊन त्यांनी तिला डब्यात कोंबलं आणि धापा टाकत म्हणाले, "यू निन्कम्पूप." रेल्वेच्या वर्कशॉपातल्या जुन्या साहेबाकडून उचललेला शब्द होता तो. तिने अर्थ विचारला. "माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेलं वेडं," ते म्हणाले.

तेव्हापासून दूध उतू जावं, किल्ली आत राहून दार बंद व्हावं, की तो शब्द यायचा आणि भानुमती मनातून फुलायची. मुलाबाळांना, जावयाला, वर्कशॉपातल्या कुणाला त्यांनी तो कधी दिला नाही. तो तिचाच होता.

आणि मग वरच्या मजल्यावर अंबिकाबाई राहायला आल्या. मुलगा आशुतोष बँकेत बदलून आला, त्याच्याबरोबर. बाईंनी नागपूरच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. दतिया गेटच्या गल्लीत शुद्ध मराठी बोलणारं माणूस मिळालं म्हणून आधी भानुमतीच खूश झाली होती. तिनेच पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी वर पाठवली. स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतला की नाही पायावर?

कारण अंबिकाबाईंकडे मूर्खपणाचे शब्द पोत्याने होते. निटविट, डंडरहेड, पॉपीकॉक, टॉमफूलरी. रोज संध्याकाळी हरिभाऊ चहाचा कप घेऊन वर जायचे आणि जिन्यात दोघांचं हसणं ऐकू यायचं. भानुमती खाली भाजी निवडत बसायची. कोथिंबिरीच्या काड्या आणि पानं एकाच ताटात पडायची. जळफळाट नुसता. या वयात हे शोभतं का, असं ती स्वतःलाच विचारायची आणि पुन्हा कान वर लावायची.

एकदा ती भजी द्यायला म्हणून वर गेली. अंबिकाबाई चष्मा शोधत होत्या आणि चष्मा त्यांच्या डोक्यावर. हरिभाऊ पोट धरून हसले आणि म्हणाले, "यू निन्कम्पूप."

भानुमतीने भजी ठेवली आणि खाली आली. रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने शब्द परत मिळवायचा चंग बांधला. चहात हिंग घातला. हरिभाऊंनी कप मुकाट बाजूला ठेवला. मानिक चौकात भाजीवाल्याकडे पिशवी विसरून घरी आली. ते जाऊन घेऊन आले. शेवटी तिने संकष्टीला भर दुपारी कांद्याचं पिठलं वाढलं, आणि ते तिच्याकडे बघतच राहिले. "असू दे गं," एवढंच म्हणाले. एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसं.

आणि त्या संध्याकाळी ते वर गेलेच नाहीत. तिच्याजवळ बसून राहिले. सकाळी रिक्षा बोलावली आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेले.

तिथल्या बाकावर त्यांनी तिचा हात धरला तेव्हा भानुमतीच्या लक्षात आलं. बाई विसरायला लागलीय, असं वाटतंय यांना. तिला इतकी लाज वाटली की आत गेल्यावर सगळं खरं सांगून टाकायचं तिने ठरवलं.

"माताजी, आज कौन सा दिन है?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुरुवार."

"कहाँ रहती हैं?"

"दतिया गेट."

हरिभाऊंनी मोठा श्वास सोडला. तिचा हात सोडला, खिशातून मोबाइल काढला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अंबिकाबाईंना कळवतो जरा, रात्रभर काळजीत होत्या बिचाऱ्या." चेहऱ्यावर हसू आलंच होतं.

रात्रभर. म्हणजे बोलणं झालं होतं तर.

डॉक्टर हरिभाऊंकडे बोट दाखवून म्हणाले, "और इनका नाम?"

भानुमतीने त्यांचं नाव उखाण्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं. "घे गं, आज चालेल," मोबाइलवर टाइप करता करता हरिभाऊ म्हणाले. मान वर न करता.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे.

"याद नहीं आ रहा," ती म्हणाली.

मोबाइल टेबलावर पडला. हरिभाऊंनी तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला, लग्नातही धरला नव्हता असा. तिला फार, फार बरं वाटलं. आणि लगेच कळलं, की हे हात सुटू नयेत म्हणून आता उरलेला जन्म विसरतच राहावं लागणार.