दुतोंड्याची जीभ

"नलू, तुया गिलास अलग ठेवला आहे. त्याच्यातच पाणी पेत जाय."

सासूचे हे बोल ऐकून नलूचा चेहरा उतरला. पण इंदूबाईने तिकडे पाहायचे टाळले.

१९६० सालची ही गोष्ट. पांढरकवड्याजवळच्या खेड्यात राहणाऱ्या इंदूबाईने १९५६ साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. घरातले देव गेले, पण भीती गेली नव्हती. शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटताना दुतोंड्या साप, म्हणजे मांडूळ, सुनेच्या हातावरून गेला आणि पंधरा दिवसांत तिथे पांढरा डाग उठला. दुतोंड्याने चाटले की महारोग होतो, असे सारे गाव सांगे!

तेवढ्यात जंगल खात्यात नोकरी करणारा इंदूबाईचा थोरला भाऊ, उकंडा, घरी आला. अंगणातल्या पऱ्हाटीच्या ढिगातून नेमका एक दुतोंड्या बाहेर आला. इंदूबाईने काठी उगारली.

"थांब इंदे! कायले मारतं?" उकंडाने साप अलगद उचलला. सापाची जीभ त्याच्या मनगटावर लवलवली. "वीस वर्षं झाली, मी यायले हातानं उचलून राह्यलो. कुठं आहे डाग? यायले ना ईख-जहर, ना दुसरं तोंड. ते तं बोथट शेपूट आहे. उंदरं खाऊन आपलंच पीक वाचवते बिचारा. आपला मुलूख अन् शेजारचे देश सोडले, तं जगात कुठी भेटत नाही हा."

"मंग नलूचा डाग कशाचा, दादा?"

"थे डाक्टर सांगन. महारोग निघाला तरी त्याच्यावर आता दवा आहे. पण इंदे, विहिरीवर इटाळ होईन म्हणून आपल्या ओंजळीत लोक वरून पाणी वतत होते. विसरली काय? आज तूच घरात तसं करून राह्यली!"

इंदूबाईच्या हातातली काठी गळून पडली. अरेरे! जे आपण सोसले, तेच आपण लेकीसारख्या सुनेला दिले!

दुसऱ्याच दिवशी ती नलूला घेऊन पांढरकवड्याच्या दवाखान्यात गेली. रांग मोठी होती. इंदूबाईने बाहेरून चहा आणला, दोन घोट घेतले आणि तोच कप सुनेपुढे धरला.

"आत्याबाई, अजून डाक्टरनं पाह्यलं नाही," नलू सासूला हळूच म्हणाली.

"मी पाह्यलं न. पे तू."

नलू रडता रडता हसली. डॉक्टरांनी डाग तपासला. नुसती शिबं, म्हणजे कातडीवरची साधी बुरशी होती! मलम मिळाले, आणि सासूसुना बाजारातून केळी घेऊन गप्पा मारत घरी परतल्या.

वाचकहो, दुतोंड्याच्या जिभेत विष नसते. ते असते आपल्या गैरसमजात, आणि माणसाला माणसापासून तेच तोडते. आजाऱ्याला औषध द्यावे, सोबत द्यावी. वेगळे पाणी कुणाच्याच वाट्याला येऊ देऊ नये!