साहेबांच्या दाराशी बांधलेली उशी

वाफेच्या पाइपांना पांघरूण घालणाऱ्या त्या टोळीत ती एकटीच बाई होती, आणि टोळी होती तिच्या जावयाची. नवरा होता तोवर टोळी नवऱ्याची होती. तो गेला, पक्कड आणि पत्रा कापायची कात्री जावयाच्या हाती आली, आणि सुई तिच्याकडे राहिली ती राहिलीच. टोळीतली माणसं तिला गादीमावशी म्हणत. पहिल्यांदा थट्टेनं म्हणाले, मग तेच नाव पडलं.

तिचं काम व्हॉल्व्हच्या उशा शिवण्याचं. सरळ पाइप कुणीही गुंडाळील. काचेच्या लोकरीचा पट्टा फिरवला, तार आवळली, वर पत्रा चढवला, झालं. व्हॉल्व्हचं तसं नाही. त्याला चाक असतं, मान असते, दोन्हीकडे रुंद खांदे असतात, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला तो पुन्हा उघडता यावा लागतो. म्हणून त्याला अंगाबरहुकूम उशी शिवायची. मावशी सुतळीनं माप घ्यायची, काचेच्या कापडाचे दोन पदर कापायची, मध्ये लोकर भरून जाड सुईनं टाके घालायची आणि कडेला पट्टे नि बकलं लावायची. तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळावं तशी ती उशी व्हॉल्व्हला बांधली जाई. लोकरीची कुसळं हाताला रुतत, रात्री अंग खाजे. गार पाण्यानं धुवायचं, गरम पाणी लावलं की आणखी चावतं, हे ती प्रत्येक नव्या माणसाला सांगे, आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्या दिवशी गरम पाण्यानंच आंघोळ करून येई.

या खेपेला काम मोठ्या धुलाई कारखान्यात होतं. दवाखान्यांच्या चादरी, खानावळींचे टेबलपोस, सगळं तिथं धुवायला येई. इस्त्रीच्या दालनात तापलेले मोठाले रूळ फिरत, आणि दोन-दोन बायका ओल्या चादरीची टोकं धरून त्या रुळांत सोडत. शेवटच्या रुळाशेजारी, बाईच्या कोपराच्या उंचीवर, वाफेचा एक मोठा व्हॉल्व्ह होता. इतकी वर्षं तो उघडाच. चादर ओढताना कोपर मागे गेलं की थेट त्यावर.

त्या रुळावर काम करत होती मावशीची लेक. जावयाची बायको.

लेकीच्या कोपरावर डाग होता, कातडी आक्रसून चकचकीत झालेला. तिच्या आधी तिथं उभी राहणारी बाई तसाच डाग घेऊन काम सोडून गेली होती. काम आपल्याच टोळीला मिळालं तेव्हा लेक आईला म्हणाली होती, "आई, बाकी कारखाना कसाही बांधा. माझ्या शेजारचा तेवढा नीट बांध."

"तुझा आधी शिवते," मावशी म्हणाली होती, आणि खरंच आधी तोच शिवला. शिवता शिवता नेहमीचा पांढरा दोरा संपला, म्हणून शेवटची कड तिनं निळ्या दोऱ्यानं मारली. उशी घेऊन गेला जावई. संध्याकाळी त्या व्हॉल्व्हवर पत्र्याची चकचकीत पेटी बसलेली होती, चारी बाजूंनी चाप लावलेले. "उशी आत बसवली, वर पेटी घातली, आई," जावई म्हणाला. "आता बघा कसा नवरदेवासारखा दिसतोय." मावशीला बरं वाटलं. तिनं त्या दिवशी लेकीला मुद्दाम सांगितलं, आता बिनघोर हो.

काम सोपवायच्या दिवशी सकाळी ती आपली कापडाची कात्री शोधत वरच्या मजल्यावर गेली. कारखान्याच्या साहेबांच्या खोलीबाहेरच्या बोळात आदल्या दिवशी जावयाची माणसं काम करत होती, तिथं कुठं राहिली असेल म्हणून. कात्री खिडकीत सापडली. ती उचलून वळली, आणि साहेबांच्या दाराशेजारी भिंतीतून जाणाऱ्या बारक्या पाइपाकडे तिची नजर गेली.

त्या पाइपाच्या एवढ्याशा व्हॉल्व्हला एक भलीमोठी उशी बांधली होती. थोरल्या भावाचा कोट धाकट्याला घालावा तशी ती लोंबत होती. पट्टे दोनदा फिरवून गाठ मारलेली. खालच्या कडेला निळा दोरा.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथंच उभी राहिली. उशीला हात लावून बघायची गरज नव्हती, आपलं पोर आपल्याला कळतं. मग ती जिना उतरली आणि जिन्याखाली हत्यारं गोळा करणाऱ्या जावयासमोर जाऊन उभी राहिली.

सासूनं जावयाला अरे-तुरे करायचं नाही, चार माणसांत त्याला टाकून बोलायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. म्हणून ती अगदी हळू बोलली.

"जावईबापू, लेकीच्या शेजारच्या पेटीत काय आहे?"

त्यानं मान वर केली नाही. "काय म्हणजे? आहे की."

"काय आहे?"

"आई, लोकरीचा शेवटचा गठ्ठा पावसात भिजला. नवा येणार पुढच्या खेपेला. साहेब मागे लागले, दाराशी फार तापतं, खुर्चीत बसवत नाही, आजच्या आज काहीतरी बांधा. तेव्हा शिवून तयार अशी ती एकच उशी होती."

"म्हणजे पेटीत काही नाही."

"हवा आहे," जावई म्हणाला, आणि थोडा हसला. "हवासुद्धा आच अडवतेच ना आई. तुम्हीच सांगता, लोकरीत खरं काम हवाच करते."

"मी सांगते ते लोकरीतल्या हवेचं. रिकाम्या डब्यातल्या हवेचं नाही. असं असतं तर तुमच्या सासऱ्यांनी जन्मभर डबेच विकले असते."

"हळू बोला. साहेब खाली येतायत."

"तिथं तुमची बायको उभी राहते."

"सांगतो तिला जपून राहायला."

"सांगितलंत?"

तो पक्कड पुसत राहिला. मग म्हणाला, "आज एवढं सांभाळून घ्या. काम ताब्यात दिलं की महिन्याभरात मी स्वतः बसवतो. साहेब नाराज झाले तर पुढचा कारखाना हातचा जाईल. टोळी चालवायची म्हणजे सगळ्यांची मनं राखावी लागतात, आई. तुम्हाला सुईत दोरा घालायचा असतो, मला साहेबांशी बोलायचं असतं."

ती यावर बोलली असती तर सासू-जावयाचं नातं त्या जिन्याखालीच संपलं असतं. सगळ्यांची मनं राखावी लागतात म्हणे. सगळ्यांत लेक नव्हती. लेक घरचीच. घरच्या माणसानं भाजून घ्यायचं, कारण ते रुसून दुसऱ्या कंत्राटदाराकडे जात नाही. आणि पोरीला बिनघोर हो म्हणून सांगितलं कुणी? आपणच. आता ती आधी कोपर जपायची तेवढंही जपणार नाही. उघडा व्हॉल्व्ह बरा होता, दिसत तरी होता.

इस्त्रीच्या दालनात सगळे त्या पेटीभोवती जमले. साहेब, टोळीतली माणसं, रुळांवरच्या बायका. वाफ अजून सोडली नव्हती म्हणून रूळ थांबलेले होते, आणि इतक्या शांततेची सवय नसल्यानं बायका कुजबुजत होत्या.

या टोळीची काम सोपवायची एक रीत होती, नवऱ्यानं घालून दिलेली. लाइनीत वाफ सोडायची. ज्यानं शेवटचा पट्टा किंवा चाप आवळला त्यानं आपल्या कामावर उघडा तळहात ठेवायचा. आणि त्या जागी ज्यांना रोज काम करायचं आहे त्यांचं विचारून संपेपर्यंत हात काढायचा नाही. नवरा म्हणायचा, सही खोटी करता येते, तळहात कसा खोटा कराल. साहेब लोकांना ही गंमत आवडायची.

"चला, हात ठेवा कुणीतरी, उरकू या," साहेब म्हणाले.

जावई वाफेची कळ फिरवून आला. "आई, ठेवा तुम्ही," तो म्हणाला. "तुमचा मान."

वाफ नुकतीच सुटली होती. पेटी अजून गारच असणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. पटकन हात ठेवायचा, पटकन उचलायचा, सगळे खूश.

"माझा कसा?" मावशी म्हणाली. "चाप तुम्ही लावलेत. रीत मोडायची नाही, जावईबापू."

टोळीतला एक जण हसला. जावयानं तिच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं, आणि पेटीवर हात ठेवला.

"गार आहे," तो म्हणाला. "बघा."

"हो का," मावशी म्हणाली, आणि लेकीकडे वळली. "तू राहतेस ना गं इथं उभी? विचार काय विचारायचं ते. सगळं विचारून घे. तुझ्यासाठीच आहे ही रीत."

लेक पुढं आली. एरवी घरी नवऱ्याला विचारायची सोय नसलेल्या गोष्टी चार माणसांत विचारायला मिळतायत म्हणून तिला गंमत वाटत होती. "चादर ओढताना मी जोरात आपटले तर पेटी दबेल का हो?"

"नाही दबणार."

"आणि ओली चादर तिच्यावर पडली तर?"

"पुसून काढायची."

"पाणी आत गेलं तर लोकर भिजेल ना? आई म्हणते भिजली की लोकर मेली."

"नाही जाणार पाणी. झालं ना?"

"थांबा की, घाई काय," शेजारच्या रुळावरची बाई म्हणाली. "माझंही कोपर लागतं तिथं. पलीकडच्या बाजूनं पण बांधलंय ना?"

"सगळीकडून बांधलंय."

"जाड बांधलंय का?" लेकीनं विचारलं. "किती जाड? दाखवा ना बोटांनी."

जावयानं डाव्या हाताची बोटं दाखवली. उजवा पेटीवर होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पाइपातून टकटक आवाज येत होता, वाफ भरत होती. त्यानं तळहात किंचित उचलला आणि बोटांच्या टोकांवर तोलला.

"पूर्ण ठेवा," मावशी म्हणाली. "त्यांचं विचारून व्हायचंय अजून."

"आणि मी पाठ टेकली तर चालेल का?" लेक हसत म्हणाली. "दुपारी पाय भरून येतात, तेव्हा जरा टेकते."

त्यानं हात झटक्यानं काढला आणि काखेत दाबला.

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, उतरायचं विसरल्यासारखं. तिनं पुढं होऊन मुठीची मागची बाजू पेटीला लावली, लगेच मागे घेतली, आणि नवऱ्याकडे बघत विचारलं, "आत काही नाही?"

तो खाली बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"थोडंफार तापणारच," साहेब मध्ये म्हणाले. "वाफ आहे, बर्फ नाही. नवी उशी येईलच पुढच्या खेपेला. तोवर बायकांनी जरा जपून काम करावं. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात. मावशीनं खिशातून कातड्याचे हातमोजे काढले, घातले, आणि जिन्याकडे चालू लागली.

बोळात वाफ पोचली होती, पाइप तापला होता, आणि उशी आपलं काम इमानानं करत होती. बाहेरून नुसती कोमट. मावशीनं जावयाच्या गाठी सोडवल्या. ज्या सुटेनात त्याही कापल्या नाहीत, दातांनी सैल करून सोडवल्या. पट्टे तिचे होते. उशी काढून तिनं काखेत मारली आणि खाली आली. साहेब जिन्याच्या तोंडाशीच भेटले.

"हे कुठं नेताय?"

"जिथली तिथं."

"मी तुमच्या जावयाशी बोलतो."

"बोला की," ती म्हणाली आणि बाजूनं निघून गेली.

लेकीनं तोवर चादर हाताला गुंडाळून पेटीचे चाप काढले होते. आतला व्हॉल्व्ह उघडाबंब दिसत होता, त्याच्याभोवतीची हवा थरथरत होती. बायका गोळा होऊन आत डोकावत होत्या. त्यातली एक जावयाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पेटी मात्र छान केलीय हो. डबा म्हणून न्यायला हवी."

मावशीनं उशी व्हॉल्व्हभोवती टाकली. मानेशी मान, खांद्याशी खांदा, चाकाची खाच चाकाला. जिथली होती तिथं ती एका दमात बसली. लेकीनं खालून पट्टे सरकवून दिले. शेवटच्या पट्ट्याला जावयाचा हात पुढं आला. तळवा लालबुंद झाला होता, तरी पुढं आला.

"मी आवळतो, आई."

"नको," ती म्हणाली. "पुढच्या उशीचा आवळा. हा माझा."

तिनं बकल ओढलं, पेटी बसवली, चाप लावले, हातमोजा काढला आणि उघडा तळहात पत्र्यावर ठेवला.

"विचारा गं," ती बायकांना म्हणाली. "सावकाश विचारा."

जिन्यावरून साहेबांचा आवाज आला. "अहो बाई, आणि माझ्या दाराशी? तिथं आता काय?"

मावशीनं हात हलवला नाही.

"तिथं आता उघडं आहे, साहेब. जरा जपून जा-ये करा."