मास्तरांनी सुचवलेला बाण

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या अंगावरची कित्येक अक्षरं आता पुसली गेली आहेत. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एका पट्ट्यावरून सरकत होते. तिथल्या एका बाईने माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी आलो तो प्रोग्राम लिहिणाऱ्या एका ताईंच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली राबलो. "याच्यावर हात बसलाय माझा," असं त्या कुणालाही सांगत, तेव्हा मी मनातल्या मनात फुगून जाई.

ताईंचे वडील गणिताचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांना घर खायला उठलं. एक दिवस म्हणाले, "तू दिवसभर काय बडवत असतेस, ते मलाही शिकव."

पहिल्याच धड्याला गाडी अडली. ताईंनी लिहिलं होतं: क = क + १.

"अगं, हे कसं शक्य आहे? असं लिहिणाऱ्या पोरांच्या वहीत मी जन्मभर लाल रेघ मारली!"

"बाबा, इथे या चिन्हाचा अर्थ 'बरोबर' असा नाही. क मध्ये एक मिळवायचा आणि उत्तर पुन्हा क मध्येच ठेवायचं."

"ठेवायचं ना? मग ठेवल्यासारखं दिसू दे की! बाण काढ."

ताई हसल्या आणि मग एकदम सरसावून बसल्या. प्रोग्राम लिहायची ती भाषा ज्या मंडळाच्या हाती होती, त्याला नवं चिन्ह सुचवता येत असे. तीन आठवडे बाप-लेक तसा प्रस्ताव लिहायला माझ्यासमोर बसले. क ← क + १. मास्तर वाक्यं सांगत, ताई ती माझ्यावर उतरवत. एका स्वल्पविरामावरून दोघं अर्धा तास भांडले, तेही मला गोड वाटलं.

मंडळातल्या लोकांची उत्तरं आली. बहुतेकांनी सभ्यपणे लिहिलं, की जुने लाखो प्रोग्राम आहेत, लोकांना सवय झाली आहे. पण एकाने लिहिलं, "ज्याला एवढंही कळत नाही, त्याने या वाटेला येऊच नये." मास्तरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. प्रस्ताव फेटाळला गेला.

"माझ्यापायी तुझं हसं झालं गं," एवढंच ते म्हणाले.

पण ताई बाहेर गेल्या की ते हळूच माझ्याजवळ येऊन बसू लागले. एका बोटाने एकेक बटण शोधायचे. चुकलं की "च्च" करून खोडायचे, पुन्हा लिहायचे. दोन महिन्यांनी त्यांचा पहिला प्रोग्राम चालला. एक ते दहा अंक पडद्यावर ओळीने उभे राहिले.

रविवारी ताई कामात असताना मास्तर त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"जरा उठतेस का? काहीतरी दाखवायचंय. ते चिन्ह आहे ना..."

"बाबा, हात जोडते. त्या चिन्हाचं आता नाव काढू नका." ताईंनी मानही वळवली नाही.

"बरं, बरं. कामात आहेस. राहू दे."

मला सगळं ठाऊक होतं. पण मित्रांनो, मला तोंड नाही. कुणी बोट ठेवलं तरच माझ्यातून शब्द उमटतो.

त्याच आठवड्यात, गुरुवारी मास्तर दुपारचे आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने ताईंना मास्तरांच्या त्या प्रोग्रामची फाइल सापडली. सगळीकडे जुनंच चिन्ह, आणि एकही चूक नाही. सुरुवातीला टीप होती: "जुनं चिन्ह मला जमलं. आता माझ्यासाठी कुणाशी भांडू नकोस." ताईंनी प्रोग्राम चालवला. अंक आले. पुन्हा चालवला. मग माझ्यावर डोकं टेकून त्या रडल्या. माझी कितीतरी बटणं एकदम दाबली गेली आणि पडद्यावर अर्थ नसलेली अक्षरं धावत राहिली.

त्यानंतर त्यांना माझ्यावर लिहवेना. नवा कीबोर्ड आला आणि मी कपाटात गेलो. माझी तक्रार नाही. मित्रांनो, मला जपा, असंही मी म्हणणार नाही. माझ्यासारखे बाजारात पुष्कळ मिळतात. पण घरातलं म्हातारं माणूस काही शिकून आलं आणि दाखवायला म्हणून उभं राहिलं, तर हातातलं काम ठेवा. खुर्चीवरून उठा आणि त्यांना बसू द्या.