धबधब्याच्या आवाजात

परदेशातल्या सहलीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली होती आणि इथले लोक किती हळू बोलतात, हे सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती. उभा जन्म तिने कापडगिरणीच्या मागखात्यात काढला होता. मागांच्या रांगाच्या रांगा एकदम खडखडायच्या, शेजारणीचाही आवाज पोचायचा नाही. डावा कान त्यातच गेला. लेक नुसती हसली.

आई परवा परत जाणार होती. लेकीची प्रयोगशाळेतली नोकरी दोन वर्षांची, म्हणून आईने घरी तिची खोली रंगवूनही घेतली होती. पण प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी लेकीला कायमची राहशील का विचारलं, आणि ती हो म्हणून बसली. तेव्हापासून आईला सांगायला जीभ रेटत नव्हती. आज सांगायचंच, म्हणून तर ही सहल.

किल्ल्यावर सांगावं, तर आई तटाचे दगड चाचपण्यात दंग. एवढ्या लांब आणून दाखवलंस काय, तर पडका किल्ला, असं म्हणाली, पण फोटो मात्र मनासारखा येईपर्यंत काढायला लावला. जुन्या पुलावर सांगावं, तर तिने डबा उघडला. भरल्या तोंडाच्या माणसाला असलं काही सांगतात का?

दुपारी धबधबा आला. कठड्याशी स्वतःचा आवाजही ऐकू येईना. लेकीला वाटलं, एकदा म्हणून तरी बघू. शब्द तोंडातून गेले, की पुढच्या वेळी सोपं जाईल. ती आईकडे वळली.

"आई, मी परत येणार नाही. इथंच राहणारे. तुला एकटीला टाकतेय असं वाटतं गं."

आईने तिच्याकडे पाहिलं, पदराने चष्म्यावरचे तुषार पुसले आणि ती पुन्हा पाण्याकडे बघू लागली.

बस सुटायला वेळ होता. लेक चहा आणायला दुकानात शिरली. काचेपलीकडे आई बाकावर बसली होती. नजरानजर झाली तसे आईचे ओठ हलले. लेकीला कळेना. आईने पुन्हा एकेक अक्षर सुटं केलं, मागावर आलेल्या नव्या पोरीला सांगावं तसं. आणि लेकीला आठवलं. शेजारपाजार झोपला, की समोरच्या खिडकीतल्या मावशीशी आई अशीच बोलायची, आवाज न करता. मागखात्यात सगळ्याच ओठ वाचायच्या. हे आपण विसरलोच कसे?

"राहा," आई म्हणत होती. "खुशाल राहा."

लेक चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. आईने एक काढून घेतला.

"तिथंच का नाही बोललीस?" लेकीने विचारलं.

"तू बोलून मोकळी झालीस. मला जरा वेळ लागला." आईने चहावर फुंकर घातली. "त्या खोलीत आता मी झोपेन. ऊन छान येतं. तू मला बोलावत जा म्हणजे झालं. आणि किल्ले नकोत. गुडघे माझे आहेत."

बसमध्ये लेकीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईने तिचे केस थोपटले आणि हळूच सांगतेय असं समजून सगळ्या बसला ऐकवलं, "रडू नकोस, लोक बघतायत."