धोंडबेटाचा तरंगता दगड

माझ्या देवेशला एक खोड आहे. चार माणसं बघत असली की त्याला मर्दपणा सुचतो. घरात पाण्याचा पेला स्वतः उचलणार नाही. पण त्या रविवारी धोंडबेटावर, तीनशे माणसांसमोर, त्याने दर्शनाच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, अशी मुस्कटात मारली की तिचा ओठ फुटला. वर मलाच म्हणतो, "आई, तू मध्ये पडू नको. देवीने न्याय केलाय."

देवी कुठली, ते सांगते.

धोंडबेट म्हणजे डोंबिवलीमागच्या खाडीतला काळ्या दगडाचा तुकडा. आमच्या मिठागरांचे बांध त्याच दगडाचे. माझ्या आजीच्या लहानपणी पटकीची साथ आली तेव्हा अर्धं गाव तिथे झोपड्या घालून राहिलं. वाचले नाहीत ते तिथेच पुरले. लग्नानंतर बारा वर्षं मी तिथला दगड डोक्यावरून बांधावर वाहिला. मग मिठागरं गेली, जमिनींवर टॉवर उभे राहिले, पोरं गाडीवाली झाली. बेटावर कोणी फिरकेना.

तिथे दिवाळीत महिपत महाराज उतरला. म्हणे, बेटाच्या पोटात ज्वालादेवी निजलेली आहे. तिचा दगड निर्दोष माणसाने सोडला तर तरंगतो, पाप्याने सोडला तर बुडतो. पितळी घंगाळात पाणी, पाटीत शेंदूर फासलेले मुठीएवढे दगड. चेला एकेकाच्या तळहातावर दगड ठेवणार, दुसऱ्याने त्याला शिवायचं नाही. पाण्यात सोडला की दगड बदकासारखा वर. माणसं रडायची. पहिल्या वेळी मीही हात जोडले, खोटं कशाला बोलू.

दर्शनाचे दोन गर्भ गेले होते. डॉक्टरने दोघांनाही तपासण्या सांगितल्या. ती गेली. देवेश डॉक्टरकडे न जाता महाराजाकडे गेला.

आणि त्या रविवारी दर्शनाने सोडलेला दगड थेट तळाला गेला.

"दोन्ही पोरं हिनेच खाल्ली," महाराज म्हणाला. "हिच्यातलं ते बाहेर काढा."

देवेशने मारली ती तेव्हा. मग चेल्याने वेत काढला. कोणीतरी तिचे केस धरले, एक बाई चप्पल घेऊन धावली. तीन फटके दर्शनाच्या पाठीवर बसले. चौथा मी हातावर घेतला. वळ अजून आहे.

पण मी एक पाहिलं होतं. दगड ठेवल्याबरोबर दर्शनाचं मनगट खाली गेलं होतं. तिच्या आधी आमची शेजारीण सगुणा होती. तिने तिचा दगड लाडवासारखा धरला होता. बारा वर्षं ओझं वाहिलेल्या बाईला एवढं दिसतं.

मी घंगाळातून बुडलेला दगड काढला, पाटीतला एक उचलला. पाटीतला फुलासारखा हलका. तो सरळ महाराजाच्या कपाळावर फेकला. महाराज हलला नाही, हसला.

"माउली, देवीचा प्रसाद लागत नसतो."

"मग हाही घ्या," म्हणून मी बुडालेला उगारला.

महाराज आसनावरून असा उठला की घंगाळ लवंडलं. चेल्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"काय रे, दोन्ही देवीचेच ना? शेंदूर सारखा, आकार सारखा. कंचा लागणार ते तुला कसं कळलं?"

मी खाली पडलेला हलका दगड उचलून त्यावरचा शेंदूर नखाने खरवडला. आत निळा डाग.

सगुणा पुढे आली. "कमळाताई, हे तर आमच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यातले. पँटी फिक्या करायला मशीनमध्ये टाकतात. मी रोज गोण्या उपसते."

"मग हातात घेतलास तेव्हा ओळखला कसा नाय?"

"शेंदूर होता ना. देवीचा दगड हलकाच असेल वाटलं."

मग तेच हात महाराजावर पडले, ज्यांनी दर्शनाचे केस ओढले होते. त्याचे दोन दात गेले. मी ओरडून ओरडून सोडवला आणि पोलिसांच्या ताब्यात दिला.

माझ्या लेकीची मुलगी रसिका कल्याणला कॉलेजात दगडांचंच शिकते. ती म्हणाली, "आजी, दोन्ही दगड लाव्ह्याचेच. आपलं बेट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं; तो लाव्हा वाहत येऊन घट्ट थिजला, म्हणून जड. हा दुसरा फेसासकट थिजला, पावासारखा. आत हवा कोंडलेली, म्हणून तरंगतो. असला आपल्या बेटावर एकही मिळणार नाही. बाहेरदेशातून येतो." म्हणजे ज्याला तरंगवायचं त्याला परका दगड, ज्याला मारायचं त्याला आपल्या बेटाचा. कळायला विद्या लागत नव्हती. दोन दगड दोन हातांत घ्यायचे, बस. तीनशे माणसांत एकानेही ते केलं नाही.

घरी दर्शनाच्या पाठीला हळद लावली. देवेश दारात उभा. "आई, माझी पण फसवणूकच झाली ना," म्हणाला.

"देवेश," मी म्हटलं, "मी दुसरीतून शाळा सोडली, तरी मना दगड हातात घेऊन बघावासा वाटला. तू इंजिनियर. तू बघितला नाहीस, कारण दगड उचलण्यापेक्षा बायकोवर हात उचलणं तुला सोपं गेलं. वेत बुवाचा होता, पण तिचा ओठ तू फोडलास. दर्शना ह्या घरात राहील, तू बाहेर. आधी डॉक्टरकडे जा, तुझी तपासणी कर, तो कागद आणून तिच्या हातात दे. मग दार उघडायचं की नाय ते ती ठरवेल."