भिंगरीच्या वाटीतले अठरा टक्के

ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं हुंगून काढणाऱ्या कुत्र्यांच्या पथकात मास्तरांना सगळे ‘तराजू’ म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नाव मात्र चपखल होतं. आपल्या कुत्रीचं खाणं मास्तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजायचे, आणि काटा दोन ग्रॅम पुढे सरकला तर तेवढे दाणे वेचून परत डब्यात टाकायचे. कुत्रीचं नाव भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ.

पथकात एक रीत होती. ज्याचं कुत्रं त्यानेच त्याला खायला घालायचं. दुसऱ्याने वाटीला हात लावायचा नाही, काय घातलंस म्हणून विचारायचंही नाही. कुत्र्याने एकाच हातचं खावं आणि एकाचाच शब्द मानावा, म्हणून ही रीत. तशी ती चांगलीच होती. पण तो एक हातच चुकला तर पकडणार कोण, याचा विचार कुणी केला नव्हता.

आणि हात चुकला तो मायेपोटी. मास्तरांची बायको किडनीच्या आजाराने गेली. आजार कळला तेव्हा दवाखान्याने एक कागद दिला होता: दूध एवढंच, अंडी बंद, मांस बंद. प्रोटीन कमी म्हणजे किडनीवरचा भार कमी. मास्तरांसाठी ती काळ्या दगडावरची रेघ झाली. काटा घरात आला तो तेव्हाच. बायको गेली, काटा राहिला, आणि तो कागदही घड्या पडून पाकिटात राहिला.

भिंगरीने आठवं वर्ष ओलांडलं आणि मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. पथकाच्या खाद्याच्या पोत्यावर तीस टक्के प्रोटीन असं ठळक छापलेलं होतं. दिवसभर पळणाऱ्या कुत्र्यांसाठीचं खाद्य ते. पण तो आकडा वाचला की त्यांना पाकिटातला कागद आठवायचा. एक जीव डोळ्यांदेखत गेला होता, दुसरा जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी गुपचूप अठरा टक्क्यांचं खाद्य आणलं. सतरंजीवर लोळत पडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यांना देतात ते. पथकाच्या कुत्र्यांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारावं असं त्यांना वाटलं नाही. प्रोटीनबद्दल आता आपल्याला कोण काय शिकवणार, हा त्यांचा तोरा.

भिंगरी मात्र सतरंजीवर लोळत नव्हती. सरावासाठी पथकाच्या आवारात फुटक्या स्लॅबचा आणि पाइपांचा डोंगर रचलेला होता, त्यावर ती रोज चार तास चढत-उतरत होती. सहा महिन्यांत तिच्या केसांची चमक गेली, मांड्या आत गेल्या, दुपारनंतर जीभ आत जाईना. वाटी चाटून झाल्यावरही ती मास्तरांच्या पायाशी घुटमळायची. वय झालं आता, असं मास्तर म्हणायचे, आणि रात्री काट्यावर आणखी दहा ग्रॅम कमी करायचे.

त्या सकाळी तिने स्लॅबवरून पाइपावर उडी घेतली. हजारदा घेतलेली उडी. पाइपावर पोचली, मागचा डावा पाय आत वळला आणि ती कोसळली. ओरडली नाही. तीन पायांवर उठून पुढच्या हुकमासाठी मास्तरांकडे बघत राहिली. मास्तर धावत गेले. त्यांनी तिला उचललं तेव्हा ती किती हलकी झाली आहे हे, सगळं मोजणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला, एक्स-रे काढला, रक्त तपासलं. गुडघ्याचा बंध तुटला होता. रक्त कमी, मांडीचं मांस झडलेलं, त्यामुळे ऑपरेशनही लगेच करता येणार नव्हतं. आधी अंग भरून यायला हवं. चालेल कदाचित, पण ढिगाऱ्यावर पुन्हा नाही.

“आणि किडन्या?” मास्तरांनी विचारलं.

“किडन्या ठणठणीत आहेत. त्यांना काय होणार होतं?” मग बाईंनी पथकात कुणी कुणाला विचारत नसे ते विचारलं. “हिला खायला काय घालता?”

मास्तर खोटं बोलू शकले असते. पण टेबलावरच्या भिंगरीने त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकली होती. त्यांनी सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून पाकिटातला कागद पुढे केला. बाईंनी तो उलगडून वाचला. पळणाऱ्या कुत्रीला प्रोटीन लागतं, त्यावरच तिचं मांस टिकतं, एवढं त्या शांतपणे म्हणाल्या. मग पुन्हा कागदाकडे पाहत त्यांनी विचारलं, “हा कागद डायलिसिस लागायच्या आधीचा आहे. ताईंना डायलिसिस लागलं होतं?”

“शेवटचे चौदा महिने.”

“मग दुसरा कागद दिला असेल ना? मशीनवर गेल्यावर प्रोटीन वाढवायला सांगतात. त्यात बरंच वाहून जातं.”

मास्तरांनी कागद परत घेऊन त्याची घडी घातली. दुसरा कागद दिला होता. दवाखान्यात आहार सांगणाऱ्या नव्या पोरसवदा बाईने दिला होता, रोज दोन अंडी लिहिलेला. हिला काही कळत नाही, असं म्हणून त्यांनी तो कपाटाच्या खणात टाकला होता.

संध्याकाळी पायाला पट्टी बांधलेल्या भिंगरीला त्यांनी स्वयंपाकघरात गोधडीवर निजवलं. खण उघडला. कागद होता. शेवटच्या उन्हाळ्यात बायको ह्याच ओट्याला टेकून हळूच म्हणाली होती, “अहो, एकच अंडं द्या ना. कुणाला कळणार नाही.” आणि मास्तर म्हणाले होते, “मला कळेल.” त्या शब्दाचा त्यांना आजवर अभिमान होता. आता त्यांना स्वतःची किळस आली. अंडी दिली असती तर ती वाचली असती का, हे कुणीच सांगू शकणार नव्हतं. पण ती उपाशी गेली, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी दोन अंडी उकडली. काटा समोरच होता, त्याला हात लावला नाही. भिंगरीने त्यांच्या हातातून दोन्ही अंडी खाल्ली, बोटं चाटली, आणि अजून आहे का म्हणून मान वर करून पाहत राहिली. बायकोही ताट संपल्यावर अशीच पाहायची.